पाळी सुटल्यावर

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
हजेरीचं यंत्र बायांना सकाळी ओळखतं,
संध्याकाळी ओळखत नाही.
एवढाच माझ्या संशोधनाचा विषय.

सकाळी सातला गेटपाशी तिपाई लावते मी.
एकशे बारा नंबर : राजव्वा येमूल, कांड्या भरणारी.
इकडे बघा. आता डावीकडे. हसू नका.
ती हसतेच.
यंत्र म्हणतं, जुळला. अठ्ठ्याण्णव टक्के.

संध्याकाळी सहा.
तीच राजव्वा, पण भुवयांवर कापसाचं तूस,
पापण्यांवर, ओठावरच्या लवेवर, कानाच्या पाळीत,
जणू एका पाळीत वीस वर्षं चालून गेली तिच्या अंगावरून.
यंत्र थांबतं. पुन्हा बघतं.
अनोळखी.
"आता काय नवा जन्म घेऊन येऊ की काय, बाई?"
म्हणते ती, आणि पदर तोंडावरून फिरवते.
पुसलं तर कामाची खूण जाते,
नाही पुसलं तर कामाचा पगार.

माझे वडील जकार्डचे नक्षीवाले.
चौकटीच्या कागदावर लाल शाईनं चेहरे भरायचे,
मग पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे,
भोक तिथं धागा वर, नाही तिथं खाली.
एकदा एका शेठनं वारलेल्या आईचा फोटो आणला,
भिंतीवर लावायला विणून द्या म्हणाला.
विणलं. शेठ बघत राहिला बराच वेळ.
"आहे हुबेहूब," म्हणाला, "पण ही ती नाही."
वडिलांनी एकच विचारलं,
रागावल्यावर कुठं बघायची?
मग रात्री कंदिलाशी बसून तीन चौकटी खोडल्या.
पुढच्या खेपेला शेठ दुकानातच खाली बसला,
जोडे काढून.

त्या तीन चौकटी कुठल्या,
ते मी अजून विचारतेय.
वडील माझ्या स्क्रीनवरचे अडुसष्ट ठिपके मोजतात
आणि म्हणतात, "एवढ्याच भोकांत बसवलंस माणूस?"

दोन वर्षं लागली.
साडेचारशे बाया, प्रत्येकीचे दोन चेहरे,
तुसाचा आणि बिनतुसाचा.
आता यंत्र तुसाखालचंही ओळखतं,
चौऱ्याण्णव टक्के.
गाईडनी पेढे वाटले.
मालकांनी विचारलं,
मग हेच आत, मागांच्या रांगेत लावता येईल का?
कोण किती वेळा उठतं, ते कळेल.
पुण्याहून कुणाचा तरी फोन आला, गर्दीवर चालेल का म्हणून,
ओढणी असेल तर, धूळ असेल तर, रात्र असेल तर.
चालेल, म्हणाले मी.
तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं ते.

राजव्वाला सांगितलं, तुमचं काम झालं,
आता पगार कापला जाणार नाही.
ती खूश झाली. मग जरा जवळ सरकली.
"म्हंजे कुठंबी ओळखणार मला?"
कुठंही.
"गड्ड्यात पण?"
मी काही बोलले नाही.
दरवर्षी जानेवारीत तिला एक दिवस ताप येतो,
आणि त्याच दिवशी पाळण्यात बसून
सगळं सोलापूर खाली गेलेलं बघते ती,
हातात गरम भजी, शेजारी मैत्रीण.
"मग कसं की," म्हणाली,
आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली,
तोंड न पुसताच.

प्रबंध छापून आलाय. सही तेवढी राहिलीय.
आज परिशिष्ट चाळत होते, सहमतीपत्रांचं.
मुळात चेहरा का लागला या बायांचा,
तर बोटांचं यंत्र त्यांना घेत नव्हतं,
कारखान्यात येण्याआधी वीस वीस वर्षं विड्या वळलेल्या.
एकशे बारा नंबरला तिचं नाव माझ्या अक्षरात,
खाली, मला सगळं समजले आहे, या ओळीपुढे
तिचा अंगठा :
निळा, सपाट,
एकही रेघ नसलेला.